कायद्याची इंग्रजी व व्याकरणाचे प्रश्न

कायद्याच्या वर्गांत नव्यानें येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठीं इंग्रजी व्याकरणाची एक प्रश्नपत्रिका काढून द्यावी, अशी विनंति कांहीं वर्षांपूर्वीं एका विधिमहाविद्यालयाकडून आम्हांस झाली, व ती आम्हीं मोठ्या उत्साहानें मान्य केली. आयुष्याचीं जवळजवळ तीस वर्षें इंग्रजी शिकविण्यांत गेलेलीं. तेव्हां पन्नास प्रश्न काढणें म्हणजे एका संध्याकाळचें काम, अशी आमची समजूत होती. रिकाम्या जागीं योग्य उपपद घाला, कर्तरीचें कर्मणि करा, प्रत्यक्ष कथनाचें अप्रत्यक्ष करा, दिलेल्या वाक्यांतील चूक शोधा, असे आमच्या स्वतःच्या शाळेच्या दिवसांपासून चालत आलेले प्रश्न आम्हीं एका बैठकींत लिहून काढले आणि निश्चिंत मनानें चहा घेतला.

निकाल लागल्यावर पहिल्या आलेल्या मुलास आम्हीं सहज बोलावून घेतलें व त्याच्यापुढें एका भाडेपट्ट्यांतील कलम ठेविलें. भाडेकरूनें तीन महिने आधीं लेखी सूचना दिल्याखेरीज पट्टा आणखी एक वर्ष चालू राहील, अशा अर्थाचें तें कलम होतें. 'अनलेस' या शब्दानें त्याचा आरंभ होत होता. सूचना कोणी द्यावयाची आणि ती न दिल्यास काय होतें, एवढेंच आम्हीं विचारलें. मुलगा गोंधळला, सूचना न दिल्यास पट्टा संपतो, असें त्यानें सांगितलें. त्याच दुपारीं नापास झालेल्यांपैकीं एकजण गुणांची चौकशी करण्यास आला होता. तालुक्याच्या गांवीं मराठी शाळेंत शिकलेला हा मुलगा. त्यानें ओळीवर बोट ठेवून तें कलम दोनदां वाचलें आणि म्हटलें, "सर, गप्प बसला तर भाडेकरूच अडकला." 'ए' आणि 'दि' या उपपदांचा भेद त्यास सांगतां येत नव्हता, पण पट्टा कोणाच्या गळ्यांत पडतो हें त्यास अचूक समजलें होतें. मग आमच्या पन्नास प्रश्नांनीं मोजलें तें काय?

हा केवळ गुणांचा प्रश्न नव्हे. आमच्या राज्यघटनेच्या ३४८ व्या अनुच्छेदान्वयें सर्वोच्च न्यायालयाचें व उच्च न्यायालयांचें कामकाज, संसद अन्यथा ठरवीपर्यंत, इंग्रजींत चालावयाचें आहे. ज्या मुलानें मराठींतून शिक्षण घेतलें त्यास त्या दारांतून आंत जावयाचें तर ही भाषा आलीच पाहिजे. आणि दारावर उभ्या असलेल्या परीक्षकानें भलतीच गोष्ट तपासली, तर जो आंत यावा तो बाहेर राहतो. आमच्या हातून हेंच घडत होतें. म्हणून कायद्याच्या इंग्रजीचें व्याकरण म्हणजे नेमकें काय, तें कोणी व कसें घडविलें, हें पाहण्यास आम्ही इतिहासाकडे वळलों.

इतिहास पाहूं गेल्यास ही भाषा मूळची इंग्रजी नव्हेच. १०६६ सालीं नॉर्मंडीच्या विल्यमनें इंग्लंड जिंकलें, आणि पुढें कित्येक शतकें न्यायालयांत वकील बोलत ते फ्रेंच, दप्तरांत लिहिलें जाई तें लॅटिन, व ज्या कुळाची जमीन जावयाची तें बिचारें बोलत असे इंग्रजी. वाद इंग्रजींत चालावेत असा कायदा १३६२ सालीं झाला. पण तो कायदाच फ्रेंच भाषेंत लिहिलेला होता, यावरून त्याचें पुढें काय झालें असेल हें वाचकांनीं ताडावें. १६५० सालीं प्रजासत्ताकाच्या अमदानींत पुन्हां एकदां प्रयत्न झाला, तो राजा परत आल्यावर बुडाला. अखेर १७३१ सालीं पार्लमेंटनें केलेल्या कायद्यानें १७३३ पासून न्यायालयांतील लॅटिन व फ्रेंच यांचें उच्चाटन झालें. आपल्याकडे कंपनीच्या न्यायालयांतील फारसी दूर करण्याचा कायदा १८३७ सालीं झाला. तरी वकील, फिर्याद, दस्तऐवज, मुखत्यार हे शब्द आजही आपल्या कचेऱ्यांत नांदत आहेत. भाषा हद्दपार होते, शब्द मात्र मागें राहतात.

इंग्रजींत हे मागें राहिलेले शब्द जोडीजोडीनें राहिले. 'विल अँड टेस्टमेंट', 'गुड्स अँड चॅटल्स', 'नल अँड व्हॉइड' या जोड्या प्रसिद्धच आहेत. आपण 'साक्षीपुरावा' किंवा 'कागदपत्र' म्हणतों तशांतलाच हा प्रकार. दोन शब्द, पण वस्तु बहुधा एक. 'नल' आणि 'व्हॉइड' यांतील भेद स्पष्ट करा, असा प्रश्न आम्हीं एका जुन्या प्रश्नपत्रिकेंत पाहिला आहे. ज्या जोडींत भेद नाहीं तीत भेद काढावयास लावणें म्हणजे विद्यार्थ्यास कल्पित उत्तर रचण्याची शिकवण देणें होय.

शब्दांपेक्षां वाक्याची गोष्ट अधिक कठीण. कायद्याचें इंग्रजी वाक्य अर्धें पान व्यापतें, अटींच्या पोटांत अटी घेतें, आणि विरामचिन्हांवर फारसा विश्वास ठेवीत नाहीं. तो किती कमी ठेवावा याचें एक भयंकर उदाहरण १९१६ सालचें आहे. आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठीं जर्मनीशीं संधान बांधणाऱ्या रॉजर केसमेंट यांच्यावर १३५१ सालच्या राजद्रोहाच्या कायद्यान्वयें खटला झाला. त्यांचें कृत्य घडलें होतें जर्मनींत. फ्रेंचांत लिहिलेल्या त्या जुन्या कायद्यांतील 'अथवा अन्यत्र' हे शब्द मागील कोणत्या शब्दांशीं जोडावयाचे, यावर सारा वाद येऊन ठेपला. न्यायाधीशांनीं मूळ पट समक्ष जाऊन पाहिला व त्यावरील लेखणीच्या खुणांचाही विचार केला. अर्थ आरोपीविरुद्ध ठरला आणि ३ ऑगस्ट १९१६ रोजीं केसमेंट फांशी गेले. स्वल्पविरामानें त्यांस फांशी दिलें, अशी म्हण तेव्हांपासून रूढ झाली. म्हणींत अतिशयोक्ति आहे. परंतु पोटवाक्य कोणत्या पदास लागतें हा शाळेंतला निरुपद्रवी प्रश्न तेथें निरुपद्रवी राहिला नव्हता खास.

या रानांत पहिली पायवाट पाडली ती जॉर्ज कूड या बॅरिस्टरानें. १८४३ च्या सुमारास त्यानें कायद्याच्या वाक्यरचनेवर एक निबंध लिहिला. त्याचें म्हणणें असें कीं, कायद्याच्या वाक्याचे अवयव चार: कोणत्या प्रसंगीं, कोणत्या अटीवर, कोणी, काय करावें. त्याचें उदाहरण मोठें मौजेचें आहे. क्वेकर पंथाच्या एखाद्या मनुष्यानें चर्चची पट्टी देण्याचें नाकारलें, हा प्रसंग. चर्चच्या अधिकाऱ्यानें तक्रार केली तर, ही अट. नजीकचा मॅजिस्ट्रेट, हा कर्ता. आणि त्यानें त्या क्वेकरास बोलावणें पाठविण्यास मुखत्यार असणें, ही कृति. शाळेंतील पृथक्करणांत आपण उद्देश्य-विधेय एवढेंच पाहतों. येथें उद्देश्य आहे मॅजिस्ट्रेट. परंतु वाक्य समजून घेणाऱ्यानें आरंभ करावयाचा तो क्वेकरापासून. 'शॅल' हें क्रियापद केवळ शेवटच्या अवयवांत, म्हणजे कृतींतच, यावें; प्रसंग व अट सांगतांना वर्तमान किंवा पूर्ण वर्तमान पुरे, कारण कायदा सदैव बोलत असतो, असाही त्याचा आग्रह होता. हा निबंध हातीं आल्यावर आमच्या ध्यानीं आलें कीं, आमच्या पन्नास प्रश्नांतील एकही प्रश्न या चार अवयवांपैकीं कशासही स्पर्श करीत नव्हता.

पण कूडच्याही आधीं, आणि तेंही हिंदुस्थानांत, याहून मोठें काम होऊन गेलें होतें. १८३३ च्या सनदेन्वयें नेमलेल्या विधि-आयोगाचे अध्यक्ष मेकॉले यांनीं दंडसंहितेचा मसुदा १८३७ सालीं सरकारला सादर केला. तो पुष्कळ वर्षें पडून राहिला, बार्न्स पीकॉक यांच्या हातून दुरुस्त झाला, १८६० सालीं संमत झाला व १ जानेवारी १८६२ पासून अंमलांत आला. मेकॉले यांच्या नांवानें आपल्याकडे ज्या गोष्टी बोलल्या जातात त्यांत आम्हीं येथें शिरत नाहीं. त्यांतील पुष्कळशा त्यांनीं स्वतःच ओढवून घेतल्या आहेत. परंतु त्या मसुद्यांत त्यांनीं प्रत्येक अवघड कलमाखालीं जे दृष्टांत घातले, त्यांबद्दल भाषेच्या शिक्षकानें त्यांस नमस्कारच केला पाहिजे. दृष्टांत कायदा बनवीत नाहींत. कलमांत जें आहे तेंच चालतांना दाखवितात, असा त्यांचा खुलासा होता.

चोरीचें कलम घ्या. तें एकाच वाक्याचें आहे. त्यांतील मुख्य क्रियापद कोणतें, असें विचारल्यास दहांतील आठ विद्यार्थी 'घेणें' असें उत्तर देतात, कारण चोरी म्हणजे घेणें ही जगाची समजूत. परंतु वाक्यांत 'घेणें' हें केवळ हेतूच्या पोटवाक्यांत आहे. मुख्य क्रियापद आहे 'हलविणें'. अप्रामाणिकपणें घेण्याच्या हेतूनें जो वस्तु हलवितो तो चोरी करतो. आतां खालचा दृष्टांत पाहा. खजिन्याची पेटी पाठीवर असलेला एक बैल वाटेंत 'अ' यास भेटतो. खजिना लाटण्याच्या हेतूनें तो त्या बैलास एका दिशेनें हांकतो. बैलानें पाऊल उचललें कीं खजिन्याची चोरी पुरी झाली. 'अ'चा हात पेटीस लागलेलाही नाहीं. दुसऱ्या दृष्टांतांत तो खिशांत आमिष ठेवून 'झ'च्या कुत्र्यास मागें लावतो; कुत्रा मागें येऊं लागतांच चोरी झाली. मुख्य क्रियापद ओळखा हा प्रश्न आणि बैलाच्या पहिल्या पावलाचा प्रश्न, हे दोन प्रश्न नव्हतच. पहिला व्याकरणाच्या पुस्तकांतला, दुसरा जगांतला, एवढेंच. मेकॉले यांचे दृष्टांत म्हणजे कायद्याच्या इंग्रजीवर आजवर निघालेली सर्वांत उत्तम व्याकरणाची प्रश्नपत्रिका होय, असें आमचें मत बनलें आहे. फरक इतकाच कीं, तींत उत्तरेंही छापलेलीं आहेत. १ जुलै २०२४ पासून ती संहिता जाऊन तिच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली, चोरीचें ३७८ वें कलम ३०३ वें झालें; परंतु तो बैल आणि तो कुत्रा नव्या संहितेंतही चालतच आहेत.

व्याकरणावर प्राण कसे अवलंबून असतात, याचें आमच्याच प्रांतांतील उदाहरण १८७६ सालचें आहे. गोविंदा नांवाच्या अठरा वर्षांच्या तरुणानें आपल्या पंधरा वर्षांच्या पत्नीस लाथ मारली, पाठीवर बुक्के मारले, ती पडल्यावर छातीवर गुडघा ठेवून तोंडावर ठोसे मारले. मेंदूंत रक्तस्राव होऊन ती मुलगी मरण पावली. हा खून कीं खुनाहून कमी असा सदोष मनुष्यवध? मुंबई उच्च न्यायालयांतील दोन न्यायाधीशांचें एकमत होईना. म्हणून प्रकरण तिसऱ्याकडे, न्यायमूर्ति मेल्व्हिल यांच्याकडे, गेलें. त्यांनीं काय केलें? २९९ व ३०० हीं दोन कलमें त्यांनीं शेजारीं शेजारीं मांडलीं आणि जेथें जेथें शब्द बदलतो तेथें तेथें खूण केली. एकीकडे मृत्यु घडविण्याचा 'संभव असलेली' दुखापत. दुसरीकडे निसर्गाच्या सामान्य क्रमांत मृत्यु घडविण्यास 'पुरेशी' असलेली दुखापत. 'संभव' आणि 'पुरेसें' या दोन विशेषणांमधील अंतरांत तो तरुण उभा होता. खुनाचा आरोप टिकला नाहीं; सदोष मनुष्यवध ठरला. त्या पंधरा वर्षांच्या मुलीचा विचार मनांत येऊन निकालपत्र वाचतांना आजही चैन पडत नाहीं. आणि तरीही वाचावें कसें हें शिकावयाचें तर त्याच निकालपत्राकडे जावें लागतें. आमच्या शाळेंत कोणा शिक्षकानें दोन वाक्यें अशीं शेजारीं ठेवून फरक शोधावयास लाविल्याचें आम्हांस स्मरत नाहीं.

आतां 'शॅल' आणि 'मे' यांविषयीं. पहिल्या पुरुषीं 'शॅल', दुसऱ्या-तिसऱ्या पुरुषीं 'विल', हा नियम जॉन वॉलिस यांनीं १६५३ सालीं लॅटिनमध्यें लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणांतून खालीं आला, आणि आम्हीं तो छडीच्या धाकानें पाठ केला. कायद्यांत त्याचा काडीइतका उपयोग नाहीं. तेथें पहिला पुरुष नाहींच. सर्व कारभार तृतीय पुरुषी, आणि 'शॅल' म्हणजे भविष्यकाळ नव्हे, आज्ञा. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांत फिट्झजेम्स स्टीफन यांनीं हा भेद एका कलमांत बांधून टाकला: न्यायालयानें 'मे प्रिझ्यूम' म्हणजे एखादी गोष्ट गृहीत धरावी किंवा पुरावा मागावा, निवड त्याची, 'शॅल प्रिझ्यूम' म्हणजे ती खोटी ठरेपर्यंत गृहीत धरलीच पाहिजे, आणि निर्णायक पुरावा असेल तेथें विरुद्ध पुरावा देऊंच द्यावयाचा नाहीं. तीन पायऱ्या, तीन क्रियापदें. मराठी मुलास 'करावें', 'केलेंच पाहिजे', 'करूं शकेल' यांतील भेद जन्मतः ठाऊक असतो. पण त्यानें शाळेंत 'शॅल' म्हणजे 'करील' असें पाठ केल्यामुळें आज्ञेचें भाषांतर तो भाकितानें करतो. दोष मुलाचा नव्हे.

'ऑर' हें दोन अक्षरी अव्यय तर सर्वांत महाग. केलेब डिप्लॉक नांवाचा एक धनिक इंग्लंडांत १९३६ सालीं वारला. त्यानें आपली उरलेली इस्टेट 'चॅरिटेबल ऑर बेनेव्होलंट' कामांस द्यावी असें मृत्युपत्रांत लिहिलें होतें. ती अडीच लाख पौंडांच्या घरांत होती. व्यवस्थापकांनीं त्यांतील दोन लाखांहून अधिक रक्कम १३९ संस्थांस वांटूनही टाकली. मग दूरचे नातलग उठले. धर्मादाय काम म्हणजे काय हें कायद्यास ठाऊक आहे. परोपकारी काम म्हणजे काय हें त्यास ठाऊक नाहीं. 'ऑर'च्या जागीं 'अँड' असतें तर परोपकारी शब्द धर्मादायाच्या कुंपणांत आला असता. १९४४ सालीं हाउस ऑफ लॉर्ड्सनें देणगी अवैध ठरविली, आणि वांटलेला पैसा परत मिळविण्याचे दावे पुढें कित्येक वर्षें चालले. हें वाचून इंग्रजांस हंसण्याचें कारण नाहीं. आमच्याकडे मुंबईहून गेलेल्या एका अपिलांत प्रिव्ही कौन्सिलनें १८९९ सालीं असें ठरविलें कीं, मृत्युपत्रांत 'धरम' यासाठीं ठेवलेली देणगी अर्थाच्या संदिग्धतेमुळें रद्द आहे. 'धर्म' या शब्दाचा अर्थ आपल्यांतील कोणत्याही आजीबाईस विचारला असता तर तिनें सांगितला असता. पण तिनें सांगितलेला अर्थ शेजारच्या आजीबाईस मान्य झाला असता कीं नाहीं, याची आम्हांस खात्री देववत नाहीं.

एवढी शिदोरी घेऊन आम्हीं नवी प्रश्नपत्रिका काढण्यास बसलों. पहिली अडचण लगेच उभी राहिली. चोरीचें कलमच प्रश्नांत घातलें तर ज्यास कायदा ठाऊक तो वाक्य न वाचतांच उत्तर देतो. भाषेची परीक्षा राहते बाजूला. म्हणून आम्हीं एका कल्पित ग्रंथालयाचा नियम तयार केला. ग्रंथपालाच्या परवानगीवांचून पुस्तक बाहेर नेण्याच्या इराद्यानें जो सभासद तें फळीवरून काढील, त्यानें दंड द्यावा. रचना हुबेहूब चोरीच्या कलमाची. मग तीन सभासद. पहिल्यानें वाचण्यासाठीं पुस्तक काढलें, व संध्याकाळीं तें घेऊन जाण्याचा मोह त्यास झाला. दुसऱ्यानें नेण्याच्याच बेतानें काढलें, पण दाराशीं पोंचण्यापूर्वीं मन बदलून परत ठेवलें. तिसऱ्यानें परवानगी मागितली, ती मिळण्यापूर्वीं तो पुस्तक काढून टेबलाशीं उभा राहिला. दंड कोणास? नीतीच्या अंगानें विचार करणारे पहिल्यास धरतात व दुसऱ्यास सोडतात. वाक्य वाचणारे दुसऱ्यास धरतात. 'इराद्यानें' हें पद 'काढील' या क्रियेशीं समकालीन आहे, हें ज्यास उमगलें त्यास इंग्रजींतील धातुसाधित उमगलें. मग त्याचें नांव त्यास सांगतां न आलें तरी चालेल. तिसरा सभासद मात्र आम्हांस काढून टाकावा लागला. परवानगी मिळेल अशी आशा धरणाऱ्याचा इरादा परवानगीवांचून नेण्याचा असतो काय, यावर सहकाऱ्यांत तास-दीड तास वाद झाला. ज्या प्रश्नावर परीक्षकांचेंच एकमत नाहीं तो विद्यार्थ्यांस विचारण्याचा आम्हांस अधिकार कोणता?

दिलेल्या उत्तरांतून एक निवडा, या पद्धतीस पुष्कळ लोक नांवें ठेवतात. अमेरिकेंत फ्रेडरिक केली यांनीं १९१४-१५ च्या सुमारास ती वाचनाच्या परीक्षेसाठीं चालू केली; तपासणाऱ्याची लहर गुणांत उतरूं नये हा तिचा मूळ हेतु. त्याच्या एकच वर्ष आधीं, १९१३ सालीं, केंब्रिजनें परकीयांसाठीं इंग्रजीच्या प्रावीण्याची पहिली परीक्षा घेतली, तींत निबंध, भाषांतर, व्याकरण, उच्चारशास्त्र असें सर्व कांहीं होतें. परीक्षार्थी तीन बसले व तिघेही नापास झाले. यांपैकीं कोणती पद्धति बरी, हा वाद आम्हांस फोल वाटतो. चुकीचीं उत्तरें कोठून आणावयाचीं, यावर सारें अवलंबून आहे. तीं परीक्षकाच्या डोक्यांतून आणलीं तर हास्यास्पद होतात. विद्यार्थ्यांच्या जुन्या वह्यांतून आणलीं तर खरीं असतात. 'सूचना न दिल्यास पट्टा संपतो' हें चुकीचें उत्तर आम्हीं त्या पहिल्या आलेल्या मुलाकडूनच घेतलें, आणि दर वर्षीं तें कोणी ना कोणी निवडतोच.

एवढी सावधगिरी बाळगूनही मागील परीक्षेंत आम्हीं फसलोंच. भाडेकरूनें 'शेजाऱ्यांस उपद्रव देणारे' कुत्रे किंवा पक्षी पाळूं नयेत, असें एक इंग्रजी वाक्य आम्हीं रचलें. मराठींत विशेषण नामाच्या आधीं येतें; इंग्रजींत हें पोटवाक्य शेवटीं, पक्ष्यांच्या नंतर आलें. भाडेकरूचा कुत्रा अत्यंत शांत आहे. तो त्यास ठेवतां येईल काय? पोटवाक्य निकटच्या नामास लागतें या जुन्या नियमास अनुसरून आमचें उत्तर 'नाहीं' असें होतें: उपद्रवी असावयाची अट पक्ष्यांस, कुत्रा मात्र कसलाही वर्ज्य. निकालानंतर एक विद्यार्थिनी शिक्षकांच्या खोलींत आली. तिनें आमचें वाक्य कागदावर कूडच्या पद्धतीनें चार अवयवांत फोडून आणलें होतें. पोटवाक्य दोन्हीं नामांस लावलें तरी व्याकरणाचा एकही नियम मोडत नाहीं; आणि वाक्य संदिग्ध असेल तर ज्यानें तें रचलें त्याच्या विरुद्ध त्याचा अर्थ करावा, असें दुसऱ्या वर्गांत आम्हांस शिकविलें आहे, असें तिनें शांतपणें सांगितलें. वाक्य कोणी रचलें होतें, हें सांगणें न लगे. आम्हीं तिचा व तिच्यासारखें उत्तर देणाऱ्या इतर अकरा जणांचा गुण वाढविला, आणि तिच्या हातचा तो कागद आमच्या प्रश्नांच्या वहींत लावून ठेवला.